तो गाडीपाशी थांबतो, ती देवळात जाऊन येते

आषाढात पंचगंगेला नवं पाणी आलं की कोल्हापुरात गल्लोगल्ली वाजंत्र्यांचं 'पी ढबाक' सुरू होतं. मंगळवारी नाहीतर शुक्रवारी पोरीबाळी डोक्यावर नव्या पाण्याचे कलश घेऊन टेंबलाईच्या टेकडीकडे निघतात आणि ते पाणी देवीच्या पायऱ्यांवर ओततात. आईचे गुडघे गेल्यापासून तिला चालत जाणं जमत नाही. माझा धाकटा भाऊ तिला गाडीवरून नेतो. नैवेद्याचा डबा हँडलला अडकवलेला, पाण्याचा तांब्या तिच्या मांडीवर, वर प्लास्टिकची पिशवी बांधलेली, कारण पाऊस असतोच. टेकडीवर पोचलं की तो गाडी स्टँडला लावतो, तिला हात देऊन उतरवतो, तांब्यावरची पिशवी सोडून देतो आणि तिथंच थांबतो. ती "आलो जाऊन" म्हणते आणि गर्दीत शिरते. (इथल्या बायका 'आले' म्हणत नाहीत, हे बाहेरच्या वाचकांसाठी.) अर्ध्या तासानं परत येते, त्याच्या तळहातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवते. तो खातो आणि गाडी सुरू करतो.

भाऊ देव मानत नाही. कॉलेजात असल्यापासून मानत नाही. आईचा दिवस अंबाबाईला हात जोडल्याशिवाय उजाडत नाही. मी स्वतः अर्धीमुर्धी; परीक्षेच्या वेळी आस्तिक, एरवी आळशी. वरचं दृश्य दिसायला सोपं आहे, पण तिथवर यायला आमच्या घराला दहा-अकरा वर्षं लागली आणि मधल्या काळात बरीच भांडी वाजली. मानणाऱ्यांनी आणि न मानणाऱ्यांनी एकमेकांचा मान ठेवून राहावं, हे भाषणात एका वाक्यात होऊन जातं. स्वयंपाकघरात होत नाही. म्हणून ते जरा उकलून बघते.

पहिला गुंता शब्दांचा आहे. 'सहिष्णुता' हा शब्द 'सह्' या धातूवरून आला, म्हणजे सोसणं. जे मुळात आवडतं ते सोसावं लागत नाही. मला पुरणपोळी आवडते म्हणून मी पुरणपोळीबाबत सहिष्णू आहे, असं कुणी म्हणत नाही. सहिष्णुतेची वेळ येते ती पटत नसताना. त्यामुळे 'तो मनातून मानत नाही, वरवर सोसतो' ही तक्रार तशी फोल आहे. मनातून मानत असता तर सोसायचा प्रश्नच नव्हता. आदर त्याच्या पुढचा. आणि आदर म्हणताना आपण दोन गोष्टी एकाच पिशवीत कोंबतो: माणसाचा आदर आणि त्याच्या मताचा आदर. आईचं देवावरचं म्हणणं भावाला साफ चूक वाटतं. त्या म्हणण्याचा आदर करायला तो बांधलेला नाही. आई मात्र साठ वर्षं एक गोष्ट निष्ठेनं धरून आहे, तिच्यातून बळ घेते, त्या बाईला तो कमी लेखत नाही. तेवढं पुरतं.

त्यापुढं येतो सहभाग, म्हणजे हात जोडणं, नाम लावणं, आरतीत टाळ्या वाजवणं. आणि शेवटी सहमती. बहुतेक भांडणं होतात ती कुणीतरी एका पायरीवरून दुसरीवर ओढतं म्हणून. "आलास ना इथपर्यंत, मग हात जोडायला काय जातंय?" हे सोसण्यावरून सहभागावर ओढणं झालं. "प्रसाद खाल्लास, म्हणजे मनात मानतोस बघ" हे सहभागावरून थेट सहमतीवर. उलट बाजूनंही तेच चालतं. "तू शिकलेली आहेस, तुला हे पटतं तरी कसं?" असं विचारणारा मताबद्दल विचारल्यासारखं करतो आणि माणसाचं माप काढतो.

'नास्तिक' या शब्दाचीही एक गंमत सांगायला हवी, कारण तो आपल्याकडे शिवीसारखा वापरतात. पाणिनीच्या व्याकरणात आस्तिक-नास्तिक हे शब्द 'आहे असं मानणारा' आणि 'नाही असं मानणारा' या अर्थानं येतात, आणि परंपरेनं तिथं 'आहे-नाही' म्हणजे परलोक आहे की नाही, असा अर्थ लावला. मनुस्मृतीत वेदांची निंदा करणारा तो नास्तिक. देवाचा संबंध दोन्हींकडे नाही. या दुसऱ्या मापानं जैन आणि बौद्ध नास्तिक ठरतात. आणि वेद मानणारे पण जग घडवणाऱ्या ईश्वराची गरज नाही म्हणणारे मीमांसक पक्के आस्तिक ठरतात. शिरोळ, हातकणंगले भागात जैन शेतकऱ्यांची गावंच्या गावं आहेत. रोज पहाटे बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, जाऊन मूर्तीला अभिषेक करणारी आमच्या ओळखीची एक काकू मनूच्या मापानं नास्तिक आहे. जैन मतात हे जग कुणी निर्माण केलेलं नाही. तीर्थंकर पूजनीय आहेत, पण जगाचे मालक नाहीत. ही गोष्ट मी भावाला सांगितली तेव्हा तो म्हणाला, "मग मला बस्तीत घेतील का?" काकू म्हणाली, "घेतील की. रात्री जेवायचं सोडशील का ते बघ आधी."

देव नाही म्हणणारा वेगळा, 'असेल-नसेल, कळायला मार्ग नाही' म्हणणारा वेगळा, आणि देव मान्य पण मधला दलाल नको म्हणणारा आणखी वेगळा. कोल्हापुरात या तिसऱ्यांची परंपरा मोठी. महात्मा फुल्यांनी 1873 मध्ये सत्यशोधक समाज काढला. शाहू महाराजांच्या पाठबळानं 1911 मध्ये तो कोल्हापुरात नव्यानं उभा राहिला. भटजीशिवाय लग्न लावणाऱ्या त्या माणसांना लोकांनी नास्तिक म्हटलं. ती नव्हती. फुले 'निर्मिक' मानत होते, म्हणजे जग निर्माण करणारा एक. तेव्हा 'तो देवाधर्माचं काही करत नाही' एवढ्यावरून कुणाच्या मनात काय आहे ते कळत नाही, विचारावं लागतं. बहुतेक जण विचारत नाहीत.

आता कोल्हापूरकर म्हणतील, आम्हाला हे शिकवायची गरज काय? आमच्या तालमींत मोहरमला पंजे बसतात. बाबूजमालच्या दर्ग्याच्या दारावर गणपती आहे. कुरुंदवाडात पाच मशिदींत गणपती बसतो, आणि 2018 पासून सलग तीन वर्षं गणपती आणि मोहरम एकाच सुमारास आले तेव्हा काही ठिकाणी पंजे आणि मूर्ती शेजारी शेजारी बसल्या. दसरा चौकात मुस्लिम बोर्डिंग उभं आहे, त्या संस्थेची सुरुवात शाहू महाराजांनी 1906 मध्ये करून दिली. सगळं खरं आहे. जून 2023 मध्ये मोबाइलवरच्या स्टेटसवरून याच शहरात दगडफेक झाली, तेही खरं आहे. शाहूंचं नाव घेतलं की आपलं काम झालं असं मानणाऱ्यांनी तो आठवडा आठवावा.

पण माझा मुद्दा वेगळा आहे. दोन धर्मांच्या माणसांना निदान एकमेकांच्या हद्दी ठाऊक असतात. शेजारचे चाचा आमच्याकडं गणपतीला येतात, मोदक खातात, आरती चालू असताना कडेला उभे राहतात. त्यांनी टाळ्या का वाजवल्या नाहीत, असं आईनं आजवर विचारलेलं नाही. ईदला शीरखुर्मा प्यायला गेलेल्या आईला नमाजाचं कुणी विचारत नाही. तेच त्या आरतीत भाऊ कडेला उभा राहिला की घरभर कुजबुज. चाचांना जी सूट मिळते ती त्याला मिळत नाही, कारण तो परका नाही. न मानणारा माणूस शेजारच्या गल्लीत राहत नसतो, तो आपल्याच ताटाला ताट लावून जेवत असतो. त्याचं न मानणं आपल्याला आपल्या संस्कारांवरचा ठपका वाटतो. 'आम्ही कुठं कमी पडलो?' असं आईनं त्या काळात कितीदा विचारलं असेल. त्याला वाटायचं, मी विचार करून एका ठिकाणी पोचलो आणि ही त्याला आजार समजते.

बाबा गेले तेव्हा हे सगळं चव्हाट्यावर आलं.

तिसऱ्या दिवशी पंचगंगेच्या स्मशानात रक्षाविसर्जन. भाऊबंद जमलेले. थोरल्या काकांनी केस काढायचा विषय काढला, भाऊ "नाही काढणार" म्हणाला. आवाज चढला नाही, पण सगळ्यांना ऐकू गेला. एक आत्या म्हणाली, "बापासाठी एवढंबी न्हाई?" काकांचा चेहरा लाल. त्यांना त्यात बाबांचा अपमान दिसत होता, आणि त्यांच्या बाजूनं बघितलं तर ते चूकही नव्हतं; त्यांच्या हिशेबात हे शेवटचं देणं होतं. तेवढ्यात आई बोलली, "त्यो न्हाई काढायचा. त्याच्या बाबास्नी ठाऊक होतं की. चुलतभाऊ काढतोय न्हवं, झालं." आणि तिनं पदर खोचून नैवेद्याचं पान पुढं सरकवलं.

मग कावळ्याची वाट. ज्यांनी ती वाट बघितली आहे त्यांना सांगायला नको. पानावर भात, दही, बाबांना आवडायची ती तिळाची चटणी, तंबाखूची चिमूट. कावळे झाडावर बसलेले, खाली कुणी उतरेना. रिवाजाप्रमाणे एकेक जण पुढं होऊन बोलायला लागला: पोरीचं करतो, वाटणी नीट करतो, काळजी करू नका. काका भावाकडं न बघता म्हणाले, "तुला काय बोलायचं असंल तर बोल." तो पुढं झाला. पानाकडं त्यानं पाठ केली आणि आईकडं तोंड करून म्हणाला, "तुला मी बघतो." तीन शब्द. काकांनी डोळे पुसले. कावळा त्याच्या आधी शिवला की नंतर, यावर आमच्या घरात अजून दोन मतं आहेत.

मी त्या दिवसाचा पुष्कळ विचार केला आहे. त्यानं कावळ्याला सांगितलं नाही, म्हणजे तो स्वतःशी खोटं वागला नाही. पण तो निघूनही गेला नाही, 'हे सगळं थोतांड आहे' असं त्या जागी बोलला नाही. आईनं त्याच्याकडून केस मागितले नाहीत. काकांनी, मनाविरुद्ध, त्याला बोलायची जागा दिली. तिघांनीही थोडं थोडं सोडलं आणि कुणी आपलं मत सोडलं नाही.

घरात जे असं चाचपडत करावं लागतं, त्यातलं बरंच कायद्यानं आधीच करून ठेवलं आहे, ते माहीत असलं तर बरं. राज्यघटनेच्या उद्देशिकेत 'विचार, अभिव्यक्ती, विश्वास, श्रद्धा व उपासना यांचे स्वातंत्र्य' आहे. तिची सुरुवात देवाच्या नावानं करावी, अशी दुरुस्ती ह. वि. कामत यांनी 17 ऑक्टोबर 1949 ला संविधान सभेत मांडली. हृदयनाथ कुंझरू यांनी विरोध केला तो देवाला नव्हता. एका हातानं श्रद्धेचं स्वातंत्र्य द्यायचं आणि दुसऱ्या हातानं सगळ्यांच्या वतीनं देवाचं नाव घ्यायचं, हे जुळत नाही, असं त्यांचं म्हणणं. मतदान झालं. बाजूनं 41, विरोधात 68. त्या सभेत बहुसंख्य माणसं भाविक होती. आपल्या देवाचं नाव सगळ्या देशाच्या तोंडी घालायचं नाही, हे भाविकांनीच ठरवलं.

शपथेचंही तसंच. मंत्र्यांचा शपथविधी टीव्हीवर बघितला असेल. काही जण 'ईश्वरसाक्ष' म्हणतात, काही 'गांभीर्यपूर्वक'. दोन्हींचं वजन सारखं. कोर्टात साक्षीदारालाही ही निवड आहे, 1969 च्या शपथ कायद्यानं. ही साधी गोष्ट मिळवायला जगाला बराच वेळ लागला. धार्मिक सहिष्णुतेचा मोठा पुरस्कर्ता म्हणून ज्याचं नाव घेतात त्या इंग्रज विचारवंत जॉन लॉकनं 1689 मध्ये स्पष्ट लिहिलं होतं की देव नाकारणाऱ्यांना मात्र सोसून घेऊ नये. वचन, करार, शपथ यांचं त्यांना बंधन नसतं. म्हणजे देवाची भीती नाही त्याचा शब्द कसला धरायचा? चार्ल्स ब्रॅडलॉ हा नास्तिक 1880 मध्ये ब्रिटिश पार्लमेंटवर निवडून आला, शपथेच्या वादात त्याला सहा वर्षं रीतसर बसू दिलं नाही आणि लोक त्याला पुन्हा पुन्हा निवडून देत राहिले. 1888 मध्ये कायदा बदलला. हाच ब्रॅडलॉ 1889 च्या मुंबई काँग्रेसला पाहुणा म्हणून आला होता. लॉकची शंका आजही आपल्याकडं ऐकू येते, फक्त मराठीत: "देवाला भीत नाही तो कुणाला भिणार?" मी एवढंच म्हणेन की भावाकडं गल्लीची भिशी आहे आणि हिशेबाची वही कुणी अजून मागितलेली नाही.

घटनेच्या 25 व्या कलमात धर्म पाळण्याच्या स्वातंत्र्याआधी सदसद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य लिहिलेलं आहे. त्याचा अर्थ लावताना मुंबई उच्च न्यायालयानं 2014 मध्ये सांगितलं की सरकारी अर्जावर धर्म सांगायची सक्ती कुणावर करता येत नाही, आणि 'मला कोणताच धर्म नाही' असं म्हणायचा हक्क नागरिकाला आहे. 2011 च्या जनगणनेत धर्म न सांगणाऱ्यांची संख्या 28 लाखांवर गेली होती. ते सगळे नास्तिक होते असं नाही.

कायद्यातलं मला सगळ्यात जवळचं उदाहरण मात्र केरळच्या तीन मुलांचं आहे. यहोवाचे साक्षीदार या पंथाची ही भावंडं. शाळेत राष्ट्रगीत सुरू झालं की ती शिस्तीत उभी राहायची, पण गायची नाहीत. त्यांच्या धर्मात देवाखेरीज कुणाचं स्तुतिगीत गाणं बसत नव्हतं. 1985 मध्ये त्यांना शाळेतून काढलं. सर्वोच्च न्यायालयानं 1986 मध्ये त्यांना परत घ्यायला लावलं: मानानं उभं राहिलात, एवढा मान पुरे, गायची सक्ती नाही. आपली परंपरा सहिष्णुता शिकवते आणि आपली घटना ती आचरते, अशा अर्थाचं त्या निकालात वाक्य आहे. ही मुलं कट्टर भाविक. पण त्यांच्यासाठी आखलेली रेघ आमच्या आरतीत कडेला उभ्या राहणाऱ्या नास्तिकालाही तशीच लागू पडते. उभं राहणं एक, गाणं दुसरं.

मग काहीही सोसायचं का? नाही. जिथं दुसऱ्याला इजा होते तिथं सोसणं संपतं. महाराष्ट्राचा 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा हीच हद्द आखतो, आणि त्याच्याबद्दल गैरसमज फार. पूजा बंद करणारा कायदा, असं मी स्वतः देवळाच्या रांगेत ऐकलं आहे. प्रत्यक्षात वारी, प्रदक्षिणा, कीर्तन, भजन, घरातली-देवळातली-दर्ग्यातली उपासना, कान-नाक टोचणं, जैनांचं केशलोचन, हे सगळं त्या कायद्यानं नाव घेऊन बाहेर ठेवलं आहे. आत आहे ते भूत उतरवायला मारहाण करणं, मिरचीची धुरी देणं, साप चावल्यावर दवाखान्यात जाऊ न देणं, नरबळी, असलं. शिक्षा 6 महिने ते 7 वर्षं. आईला मी ती यादी वाचून दाखवली. ती म्हणाली, "ह्यातलं मी काय करतोय? मग कशाला बोंबलत होती माणसं?"

हा कायदा व्हावा म्हणून डॉ. नरेंद्र दाभोलकर वर्षानुवर्षं झगडले. 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात त्यांचा खून झाला आणि त्या आठवड्यात वटहुकूम निघाला. 16 फेब्रुवारी 2015 ला कोल्हापुरात सकाळी फिरून परतताना कॉम्रेड गोविंद पानसरे आणि त्यांच्या पत्नी यांच्यावर गोळ्या झाडल्या. 20 तारखेला पानसरे गेले. आंतरजातीय लग्न करणाऱ्या कित्येक पोरापोरींना त्यांचा आधार होता. आमची आई कम्युनिस्टांना मत देणारी नव्हे. पण त्या दिवशी तिनं संध्याकाळचा दिवा लावला आणि मग बराच वेळ दारात बसून राहिली. भाऊ घरी यायचा होता.

'भावना दुखावल्या'बद्दलही एक सांगून टाकते. पूर्वीचं भारतीय दंड संहितेचं 295-अ कलम, आता 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं 299, हे धर्माच्या अपमानाला 3 वर्षांपर्यंत शिक्षा देतं. पण कलमातच अट आहे: हेतुपुरस्सर आणि दुष्ट हेतूनं केलेला अपमान. सर्वोच्च न्यायालयानं 1957 मध्येच हे कलम उचलून धरताना तसा खुलासा केला होता. टीका, शंका, नकळत झालेली चूक त्यात येत नाही. उद्या कुणी म्हणेल की तुमचा लेख वाचून मला वाईट वाटलं, तर त्याला वाईट वाटण्याचा हक्क आहे. गुन्हा तेवढ्यानं होत नाही.

कायदा मात्र जेवणाच्या ताटापाशी उपयोगी पडत नाही. आमच्याकडची सगळ्यात वाईट रात्र कायद्याच्या दृष्टीनं अगदी निर्दोष होती. संकष्टीचा दिवस, पाहुणे आलेले, आई चंद्रोदयासाठी गच्चीवर दोनदा जाऊन आली. भाऊ सगळ्यांसमोर म्हणाला, "चंद्रावर माणसं चालून आली, आणि ही त्याला विचारल्याशिवाय घास खात नाही." पाहुणे हसले. मीही हसले, हे लिहायलाच हवं. आई काही बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून ती पूजेच्या वेळी देवघराचं दार लावून घ्यायला लागली. आमच्या देवघराला दार आहे हे मला तेव्हा कळलं. ते दार पावणेदोन वर्षं लागत होतं.

त्यानं केलेलं विधान खरं होतं की खोटं, हा प्रश्नच नव्हता. तिच्यावर चार लोकांना हसवलं, ते लागलं. अशोकाच्या बाराव्या शिलालेखात याबद्दल एक नेमकी गोष्ट आहे. सगळ्या पंथांची वाढ व्हावी आणि तिचं मूळ 'वचिगुती', म्हणजे बोलण्यावरचा ताबा, असं तो म्हणतो. कारण नसताना आपल्या पंथाची फुशारकी मारू नये, दुसऱ्याची निंदा करू नये. तसं करणारा उलट आपल्याच पंथाचं नुकसान करतो. राजानं दगडावर हे कोरून घेतलं म्हणजे त्या काळीही लोक काय करत असतील ते दिसतंच. भावानं चंद्राचा मुद्दा एकांतात काढला असता तर आईनं वाद घातला असता. ती वादाला कच्ची नाही.

आईच्या खात्यावरही नोंदी आहेत. त्याच्या नोकरीसाठी तिनं जोतिबाला नवस बोलला: नोकरी लागली की पोरगा कोल्हापुरातून डोंगरावर चालत येईल. नोकरी लागली. नवस तिचा आणि पाय त्याचे. तो नाही म्हणाला तेव्हा महिनाभर घरात प्रत्येक शिंकेला कारण सापडत होतं. दुसऱ्याच्या पायांवर नवस बोलू नये, हे तिला शेवटी पटलं ते भावामुळं नाही, गुरवामुळं. "आई, बोललीस तू, फेड पण तूच," एवढंच तो म्हणाला. ती आणि काकी चालल्या. चांगभलं म्हणत, दर दोन मैलांना बसत.

एका घरात अनेक श्रद्धा कशा राहतील, याचं चित्र फुल्यांनी रंगवून ठेवलं आहे. त्यांच्या मृत्यूनंतर 1891 मध्ये छापलेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका'त ते म्हणतात, एका कुटुंबातल्या बाईनं बौद्ध धर्म घ्यावा, नवऱ्यानं ख्रिस्ती व्हावं, मुलीनं इस्लाम स्वीकारावा, मुलगा सत्यधर्मी व्हावा, आणि कुणी कुणाचा द्वेष न करता एकत्र राहावं. हे वाचून भाऊ म्हणाला, "यात माझा नंबर कुठंय?" खरंच, त्या घरात नास्तिक नाही. पण नीट बघितलं तर आहे. बौद्ध झालेली ती आई. जगाचा निर्माता तिच्या नव्या धर्मात कुठाय?

गांधीजींचं आणि आंध्रच्या गोरा या नास्तिक कार्यकर्त्याचं प्रकरण मला याहून आवडतं, कारण ते घडलेलं आहे. गोरांच्या मुलीचं लग्न एका दलित तरुणाशी ठरलं, ते सेवाग्राम आश्रमात लावायचं गांधीजींनी कबूल केलं. रोज प्रार्थना करणारा हा म्हातारा लग्नविधीतल्या 'ईश्वराच्या नावानं' या शब्दांऐवजी 'सत्याच्या नावानं' म्हणायला तयार झाला. गांधीजी गेले, पण लग्न मार्च 1948 मध्ये सेवाग्रामलाच लागलं. शब्द बदलल्यानं गांधीजींचा देव कमी झाला नाही आणि आश्रमात लग्न लागल्यानं गोरा भाविक झाले नाहीत.

देव आहे की नाही यावर आई आणि भाऊ हल्ली फारसं बोलत नाहीत. कामाचं बोलतात. कोल्हापुरात अंत्यसंस्काराला महापालिका पैसे घेत नाही, दहनाला शेणी, म्हणजे गोवऱ्या, लागतात आणि त्या बऱ्याचशा लोकांच्या दानातून येतात. होळी आली की मंडळं, तालमी 'होळी लहान करा, शेणी दान करा' म्हणत पोती गोळा करतात. यात अंधश्रद्धा निर्मूलनवाले असतात आणि गुलालात माखून डोंगर चढणारेही असतात. गणपतीतही तसंच: नदीऐवजी इराणी खणीत किंवा काहिलीत विसर्जन करायला सांगणारी पोरं आणि मूर्ती डोक्यावरून आणणारी आजी एकाच रांगेत.

यंदाच्या होळीला भाऊ गल्लीतल्या शेण्या न्यायला टेम्पो घेऊन आला. आई दारात, हातात हळद-कुंकवाची वाटी. आमच्या वाट्याची तीन पोती भिंतीला टेकवलेली. तिनं दोन शेण्या बाजूला काढल्या, दारातल्या छोट्या होळीसाठी. मग पोत्यांना एकेक करून हळद-कुंकू लावायला लागली. गुडघ्यांमुळं तिला वाकायला वेळ लागतो. मागून रिक्षावाला हॉर्न मारत होता. भाऊ टेम्पोच्या फाळक्याला टेकून उभा राहिला. तिसऱ्या पोत्याला बोट लागलं तसा तो म्हणाला, "झालं?"

"झालं. ने आता."